मापटं, चिंधी, गज

मराठीत आपण अजूनही ठासून बोलतो. पुढाऱ्याच्या भाषणाचा बार फुसका निघतो, लग्नाचे बार उडतात, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली जाते. हे शब्द ज्या बंदुकीने दिले ती मात्र बहुतेकांनी हातात घेतलेली नसते. ठासणीच्या बंदुकीला काडतूस नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, त्यावर चिंधीत बसवलेली शिशाची गोळी ठेवायची, गजाने ती बुडापर्यंत ठासायची. मग चकमकीची बंदूक असेल तर कानाशी, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकाशी, रंजक (बार पेटवणारी चिमूटभर बारीक दारू) टाकायची, टोपीची असेल तर बुडाशी असलेल्या निपल नावाच्या पोकळ खुंटीवर ठिणगी देणारी टोपी बसवायची, आणि शेवटी चाप. यातली एक पायरी चुकली की बार फुसका. दोन चुकल्या तर नळी फुगते.

काडतुसात दारू किती आणि गोळी कुठवर बसलेली, हे कारखान्यात ठरून येतं. इथे दर बाराला कारखाना आपणच. म्हणून या छंदातली माणसं बंदुकीपेक्षा तिच्याभोवतीच्या बारीकसारीक सामानाबद्दल जास्त बोलतात: मापटं कशाचं, चिंधी किती जाड, गज कुठल्या लाकडाचा. अमेरिकेत हा छंद जोरात आहे. तिथली ठासणीच्या बंदुकांची राष्ट्रीय संघटना १९३३ सालची. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या खेड्यात तिचं मैदान आहे, आणि स्पर्धांच्या दिवसांत तिथे नेमबाजांइतकीच गर्दी दारू ठेवायची शिंगं, पिशव्या, सुऱ्या विकणाऱ्यांकडेही असते. सगळं विकत मिळतं. तरीही घरी करायचं ते हौसेपोटी, हे खरं. पण निव्वळ हौस नव्हे. दुकानातलं सामान कुठल्याही बंदुकीला चालावं म्हणून केलेलं असतं, त्यामुळे ते एकीलाही नेमकं बसत नाही. घरचं सामान एकाच बंदुकीसाठी होतं. ते शेजाऱ्याच्या उपयोगाचं नाही, आणि त्याचा गुण तोच.

आपल्याकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजून सापडतात. निवडणूक आली की त्यांतल्या बऱ्याच पोलीस ठाण्यात जमा होतात. भारतात १९५९चा शस्त्र कायदा ठासणीच्या बंदुकीलाही लागू आहे आणि दारू स्फोटकांच्या कायद्याखाली येते, त्यामुळे परवाना नसेल तर पुढचं सगळं वाचण्यापुरतं. आणि एक गोष्ट जगात कुठेही तितकीच खरी: या बंदुकीत काळी दारू किंवा तिच्यासाठीच बनवलेला पर्याय, एवढंच जातं. आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू चमचाभर जरी गेली तरी नळी फाटते.

उदाहरणाला एकच बंदूक धरू, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. पेनसिल्व्हेनिया धाटणीची चकमकीची रायफल, नळी ४२ इंच, कॅलिबर (नळीच्या भोकाचा व्यास, इंचांत) .५०. गोळी .४९० इंचाची, म्हणजे साडेबारा मिलिमीटरला जरा कमी. शुद्ध शिशाची असेल तर वजन १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. चिंधी .०१५ इंच जाड. दारू २एफ दाण्याची (एफ जितके जास्त तितका दाणा बारीक), ६० ग्रेन.

हे ६० कुठून आले? नळीबरोबर आलेल्या कागदावर कमाल मर्यादा दिलेली असते. तिच्या बरीच खालून सुरुवात करायची, कॅलिबरच्या आकड्याइतके ग्रेन म्हणजे इथे ५०. पाच बार काढायचे, नेम बघायचा, मग पाच ग्रेन वाढवून पुन्हा पाच. एका आकड्याला भोकं जवळजवळ येतात आणि त्यापुढे पुन्हा फाकतात. जिथे जवळ आली तो त्या नळीचा आकडा. इथवर दुकानातलं सरकतं पितळी माप वापरावं, त्याचं काम शोधण्याचं आहे. आकडा सापडला की ते ठेवून द्यावं, कारण त्याचा स्क्रू ढिला होतो, थंडीत हातमोज्याने दांडी सरकते आणि कळत नाही. कायमचं मापटं न सरकणारंच हवं.

मापटं म्हणजे एका टोकाला बंद असलेलं भोक, बाकी सजावट. काळी दारू साधारण पाण्याच्या घनतेची भरते, एका घन सेंटिमीटरला एक ग्रॅमच्या जवळ, आणि १ ग्रॅम म्हणजे १५.४ ग्रेन. तेव्हा ६० ग्रेनला ३.९ घन सेंटिमीटर पोकळी लागते. १२ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडलं तर दर मिलिमीटर खोलीला पावणेदोन ग्रेन दारू मावते. ड्रिलच्या टोकाचा शंकू तळाशी आणखी दोनेक ग्रेन खातो, तो हिशेबात धरायचा राहून जातो आणि माप हमखास मोठं होतं. म्हणून आधी ड्रिलच्या खांद्यापर्यंत, म्हणजे शंकू सोडून, २८ मिलिमीटरच खोल जायचं. ही झाली पन्नासेक ग्रेन. मग भरून तराजूवर तोलायचं, अर्धा-एक मिलिमीटर खोल करायचं, पुन्हा तोलायचं. एकदा तोलून भागत नाही. दहा मापटी एकत्र तोलून दहाने भागलं की हाताचा चढउतार निघून जातो. खोली जास्त झालीच तर घाबरायचं कारण नाही: तोंडाची कड कानशीने मिलिमीटरभर घासली की पावणेदोन ग्रेन कमी. भोक पाडताना झालेली चूक कड घासून दुरुस्त होते, हे मापट्याचं औदार्य.

भोक अरुंद आणि खोल का, रुंद आणि उथळ का नाही? बोटाने कड सपाट करताना मिलिमीटरभर दारू वर राहिली तर १२च्या तोंडाला चूक पावणेदोन ग्रेनची, २०च्या तोंडाला पावणेपाच ग्रेनची. फार अरुंद करण्यातही अर्थ नाही, जाड दाणे तोंडाशी अडकून आत पोकळी राहते. भरताना मापट्याला टिचक्या मारायच्या तर दर वेळी तितक्याच. तीन म्हणजे तीन. टिचकीने दारू बसते आणि त्याच भोकात दोनतीन ग्रेन जास्त मावतात. टिचकी न मारण्याची सवय असेल तर कधीच मारू नये. इथे बरोबर पद्धत अशी नाही, एकच पद्धत असते.

साहित्य म्हणून अमेरिकेत हरणाच्या शिंगाचा तुकडा लोकप्रिय आहे. दिसतं देखणं, हातात बसतं, पण हरणाच्या शिंगाचा गाभा स्पंजासारखा सच्छिद्र असतो. भोक त्या गाभ्यात गेलं की दाणे छिद्रांत अडकतात आणि माप रोज वेगळं येतं. टोकाकडचा भरीव भाग घ्यावा, किंवा आत पितळी नळी बसवून डिंकावी. भारतात हा प्रश्न वेगळाच आहे: चितळ-सांबराचं जंगलात गळून पडलेलं शिंगसुद्धा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतं. बैलाच्या शिंगाचं भरीव टोक त्याहून सरस, आणि त्याला भुगा सोडला तर काही अडचण नाही. रिकाम्या काडतुसाचं मापटं हा आणखी सोपा मार्ग. .४५-७० या काडतुसाच्या नावातला ७० हा आकडा मूळच्या काळ्या दारूच्या ग्रेनचाच आहे. आजचं बूड जाड असल्याने त्यात थोडी कमी मावते. कापून, कड घासून, लाकडी दांड्यात बसवलं की मापटं तयार. आत जुनी वापरलेली टोपी तशीच ठेवून भोक बुजवावं. नवी, जिवंत टोपी असलेलं काडतूस या कामाला कधीही नको.

काळ्या दारूचे आजचे पर्याय वजनाला हलके असतात. ते काळ्या दारूच्या मापट्यानेच, तितक्याच घनफळाने घालायचे असतात. कुणी हुशारीने ते ६० ग्रेन तोलून घालतो तेव्हा प्रत्यक्षात बरंच जास्त जातं. तराजू हा मापटं बनवताना लागतो, मैदानावर नाही.

आता चिंधी. हा शब्द मला इंग्रजी शब्दापेक्षा जास्त नेमका वाटतो, कारण त्यात वस्तूची लायकी आणि तिचं काम दोन्ही आलं. गोळी नळीपेक्षा लहान असते. चिंधी ती फट बुजवते, नळीतल्या पेचदार चरांत घुसून गोळीला फिरवते, मागचा जाळ अडवते, आणि नळीबाहेर दहा-पंधरा पावलांवर पडून सगळी हकिगत सांगते. अमेरिकेत यासाठी गादीच्या खोळीचं निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड कापड वापरतात. आपल्याकडे गादीवाल्याच्या दुकानात असतं त्याच जातीचं, पण आपलं बऱ्याचदा मिश्र धाग्याचं निघतं. काडीपेटी घेऊन एक धागा जाळून बघावा. राख झाली, कागद जळाल्याचा वास आला तर सुती. टोकाला कडक मणी झाला तर त्यात पॉलिएस्टर आहे. ते नळीत वितळून चरांत चिकटतं.

नवं कापड दोनदा गरम पाण्यात धुवावं म्हणजे खळ निघून जाते. खळ असताना मोजलेली जाडी खोटी असते. मग मायक्रोमीटरने मोजायचं, आणि मोजताना थोडा दाब द्यायचा, कारण नळीतही ते दाबलंच जाणार आहे. कापून ठेवायच्या असतील तर गोळीच्या अडीचपट व्यास, इथे सव्वा इंच. गोल की चौकोनी यावर माणसं तासभर वाद घालतात. गोळी मधोमध बसली तर कागदावरच्या भोकांना तो फरक कळत नाही.

चिंधीला वंगण लागतंच, कारण काळी दारू जळून अर्ध्याहून जास्त वजनाचं किट मागे ठेवते आणि ते कोरडं राहिलं तर तिसऱ्या-चौथ्या गोळीला गज अडतो. घरगुती वंगण साधं आहे: मधमाशीचं मेण एक भाग, ऑलिव्ह तेल किंवा बिनमिठाची चरबी तीन ते चार भाग, वजनाने. उन्हाळ्यात तीन, थंडीत चार. भांडं पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचं, थेट आचेवर नाही; मेणाची वाफ पेटते. मीठ असलेली चरबी किंवा लोणी वापरलं तर आठवड्यात नळीला गंज. गाडीचं इंजिन ऑइलही नको, काळ्या दारूबरोबर त्याचं डांबरासारखं चिकट होतं. नेमबाजीच्या मैदानावर दुसरा प्रकार चालतो: लेथवर वापरतात ते पाण्यात विरघळणारं तेल एक भाग, पाणी सहा-सात भाग, त्यात पट्ट्या भिजवून सपाट पृष्ठभागावर आडव्या वाळवायच्या. दोरीवर टांगल्या तर तेल खालच्या टोकाला उतरतं आणि एकाच पट्टीची दोन टोकं दोन प्रकारची होतात. थुंकीने ओली केलेली चिंधी जुनी आणि चांगली रीत आहे, मात्र बार लगेच काढायचा असेल तरच. रात्रभर भरून ठेवलेल्या नळीत थुंकी म्हणजे गोळीच्या जागी गंजाचं कडं.

बार काढून झाल्यावर पुढे जाऊन चिंध्या वेचाव्यात. मधे काळा डाग, भोवती राखाडी, चरांच्या खुणा स्पष्ट आणि कापड शाबूत, म्हणजे सगळं जमलं. मधे जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी. गोळीच्या कडेला जिथे चर लागतात तिथे रांगेने कापल्यासारख्या चिरा असतील तर नळीचं तोंड किंवा चरांची धार तीक्ष्ण आहे; नवीन नळीत हे होतं आणि शेकडो बारांनी आपोआप मऊ होतं. चिंधी फाटून तुकडे मिळत असतील तर नेमाबद्दल बोलण्यात अर्थ नाही, आधी ते.

नळीच्या तोंडावरच चिंधी कापायची असेल तर सुरी लागते. पट्टी तोंडावर ठेवायची, गोळी किंचित आत दाबायची, वर उरलेलं कापड मुठीत धरून सुरीने सपाट कापायचं. ही सुरी एकाच बाजूने धार लावलेली असावी, म्हणजे सपाट बाजू नळीच्या तोंडावर टेकते. उजव्या आणि डाव्या हाताची सुरी म्हणून वेगळी. जुन्या कानशीची किंवा यंत्रकरवतीच्या पात्याची छान होते. घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायची. धार निळी पडली की पोलादाचं पाणी उतरलं, मग ती लोण्याला ठीक.

गोळ्यांची फळी हे यातलं सर्वांत सोपं काम, आणि तरी सर्वांत जास्त बिघडवलं जाणारं. मेपल, चेरी किंवा अक्रोड असं घट्ट लाकूड, १६ मिलिमीटर जाड, त्यात पाच-सहा भोकं. भोकांत चिंधीसकट गोळी आधीच बसवून ठेवायची. फळी नळीच्या तोंडावर धरून गोळी सरळ आत ढकलायची. गोळीची .४९० आणि दोन्ही बाजूंच्या कापडाची .०३० मिळून .५२० इंच; १३ मिलिमीटरचं भोक म्हणजे .५१२, त्यामुळे गोळी घट्ट बसते पण अंगठ्याच्या जोराने हलते. ड्रिल करताना खाली टाकाऊ फळी घट्ट दाबून धरली नाही तर बाहेर येताना कड फुटते आणि तीच फुटकी कड प्रत्येक चिंधी फाडते. भोकं गुळगुळीत घासून आत मेण-तेलाचा हात फिरवावा. दमट हवेत लाकूड फुगतं आणि काल सरकणारी गोळी आज अडते, म्हणून भोक दमट दिवशी तपासलेलं बरं. भरलेली फळी आठवडाभर पिशवीत ठेवू नये. लाकूड वंगण पिऊन टाकतं, चिंधी कोरडी होते, आणि ती जळून भोक पडतं.

घट्ट गोळी तोंडातून आत घालायला आखूड गज वापरतात. मुठीत मावणारा लाकडी गोटा, त्याला एका अंगाला सहा-सात मिलिमीटरची बुटकी खुंटी आणि दुसऱ्या अंगाला चार-पाच इंचांची दांडी. खुंटीने गोळी तोंडाच्या पातळीखाली, दांडीने वीतभर आत, मग लांब गज. दांडीचं टोक गोळीच्या आकाराची वाटी करून खोलगट करावं, सपाट टोक मऊ शिशाचं नाक चपटं करतं. अठराव्या शतकातल्या अमेरिकी शिकाऱ्यांच्या पिशव्यांत असा आखूड गज होता याचा पुरावा तुटपुंजा आहे, आणि जुन्या काळाचा पोशाख घालून नेम धरणारी मंडळी यावरून एकमेकांशी बोलेनाशी होतात. माझं मत विचाराल तर गोळी-चिंधीची जोडी इतकी घट्ट असेल की त्याच्याशिवाय जाणारच नाही, तर .०१० इंच पातळ चिंधी एकदा वापरून बघायला हरकत नाही.

गजाकडे मात्र निगुतीने बघायला हवं, कारण या सगळ्या सामानात हाताला भोसकणारी वस्तू तीच. लाकूड हिकरी नावाच्या अमेरिकी झाडाचं. आपल्याकडे ते नाही, पण गुण लक्षात ठेवण्यासारखा: रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जायला हवी. करवतीने कापलेल्या दांड्यात रेषा तिरपी होऊन कडेला बाहेर पडते, आणि गज वाकला की तो तिथेच, लेखणीच्या टाकासारखा तिरपा मोडतो. तो तिरपा भाला तळहातात जातो. म्हणून चांगला गज ओंडका पाचर मारून फोडलेल्या तुकड्यापासून करतात. फाटताना लाकूड आपल्या रेषेनेच फाटतं. विकत घेतलेला गज खिडकीशी धरून फिरवून बघावा. रेष कुठेही कडेला निसटलेली दिसली तर तो गज टोमॅटोच्या वेलाला. .५० च्या नळीला ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जाडी पुरते. टोकाचा पितळी तुकडा नुसत्या डिंकाने बसवू नये. आडवं भोक पाडून दीड मिलिमीटरची पितळी पिन मारून, दोन्ही बाजूंनी घासून सपाट करावी; नाहीतर साफ करताना किटात अडकलेलं टोक नळीत राहतं आणि हातात नुसती काठी येते. ठासताना गज नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरायचा, वीतवीत खाली न्यायचा. वरच्या टोकाला धरून एका दमात ढकललं की लाकूड वाकतं, आणि वाकलेलंच मोडतं. गोळी बसल्यावर गज वर उडवून तिच्यावर आपटण्याची एक जुनी खोड आहे. ती सोडावी, गोळीचं नाक प्रत्येक वेळी वेगळं चेपतं.

आता त्या गजावरच्या खुणा. पूर्ण रिकाम्या, साफ नळीत गज बुडाला टेकवायचा आणि नळीच्या तोंडाशी त्यावर पेन्सिलने रेघ मारायची. मग ठरलेली ६० ग्रेन दारू, चिंधी, गोळी, नीट ठासून पुन्हा रेघ. दोन्ही रेघांवर सुरीने बारीक खाच घ्यायची. खोल नको, खोल खाच म्हणजे मोडायची जागा. या बंदुकीत दोन खाचांमधलं अंतर ४३-४४ मिलिमीटर येईल: दारूचा थर साधारण ३१, बाकी गोळी आणि चिंधी. ही दोन बोटांची जागा पुढे बोलत राहते. बार भरल्यावर खालची खाच तोंडाबरोबर आली, ठीक. खाच तीन सेंटिमीटर आत गेली, तर दारू घालायची राहिली आणि नुसती गोळी ठासली. गप्पा मारत भरणाऱ्या प्रत्येकाचं हे कधीतरी होतंच. खाच तीन सेंटिमीटर वर राहिली, तर दारू दोनदा पडली किंवा गोळी बुडापर्यंत गेलीच नाही, आणि दोन्हींत चापाला बोट लावायचं नाही. दारू आणि गोळीमध्ये पोकळी राहिली की दाब तिथे एकदम चढतो आणि नळीला कडं फुगतं. खाच दोन-तीन मिलिमीटर वर सरकू लागली तर बुडाशी किट साचलंय, ओली चिंधी फिरवायची वेळ झाली.

नुसती ठासलेली गोळी काढायला गजाच्या टोकाला लाकडाचा स्क्रू लावतात, तो शिशात फिरवून ओढायचा. स्क्रू गजाच्या मधोमध असायला हवा. बाजूला गेला तर तो नळीच्या चरांत शिरतो. मागे दारू असण्याची शंकाही असेल तर आधी कानातून तेल किंवा पाणी सोडून ती पूर्ण भिजवावी.

शिंग मी मुद्दाम नंतर घेतलं. सगळे आधी शिंग करायला बसतात, कारण ते दिसतं. त्यात दारू साठवतात, पण त्यातून थेट नळीत ओतत नाहीत. आधीच्या बाराचा निखारा आत राहिला असेल तर पेटणारी दारू मापट्यातली ६० ग्रेन असते की हातातल्या शिंगातली अर्धा पौंड, एवढाच फरक. युरोपात सतराव्या शतकातले तोड्याच्या बंदुकीचे शिपाई छातीवर लाकडी डब्या लटकवत, एकेका डबीत एकेका बाराची दारू. मापून वेगळं ठेवण्याची अक्कल तेव्हापासूनची आहे.

बैलाचं कच्चं शिंग असेल तर आतला हाडाचा गाभा तासभर उकळून ठोकून काढायचा. हे घरात करू नये, घरात राहायचं असेल तर. पोकळी कुठे संपते ते बाहेरून कळत नाही, म्हणून रुंद तोंडातून ताठ तार आत घालून अडेल तिथे चिमट्याने धरायची, तीच लांबी शिंगाच्या बाहेरून मोजून खूण करायची. त्या खुणेच्या पुढचा भाग भरीव. टोक कापून तिथून ६ मिलिमीटरचं भोक आत पाडायचं. बाकाकडे लक्ष दिलं नाही तर ड्रिल भिंतीतून बाहेर येतं, म्हणून आधी बारीक ड्रिलने मार्ग काढावा. रुंद तोंड कधीच गोल नसतं. ते उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं मऊ करून लाकडी शंकूवर दाबून बसवायचं आणि तसंच थंड होऊ द्यायचं. मग पाइनच्या लाकडाचं बूड, किंचित उतरतं, गरम असतानाच ठोकून, कडेने लाकडी खुंट्या आणि सांध्यात मेण. गळती बघायची तर बूड पाण्यात धरून टोकातून तोंडाने फुंकायचं, बुडबुडे आले तिथे पुन्हा मेण. बाहेरून तासायला फुटक्या काचेची ताजी कड कानशीपेक्षा चांगली चालते. भुगा बारीक असतो आणि जळक्या केसांसारखा वास नाकात दिवसभर राहतो, तेव्हा मास्क. बुचासाठी जुन्या व्हायोलिनची खुंटी: उतार तयार, लाकूड घट्ट, धरायला पंख. व्हायोलिन दुरुस्त करणारे वापरतात तेच उतरतं हत्यार भोकात फिरवलं की बसते ती हवाबंद. शिंगाला कीड लागते, वर्षातून एकदा आतून-बाहेरून बघावं.

चकमकीच्या बंदुकीला सोबत सुई आणि ब्रश. कानाचं भोक बहुधा १.६ मिलिमीटरचं असतं, त्याला १.२ ची पितळी तार. पोलादी सुई वर्षानुवर्षं भोक मोठं करते आणि त्यातून वाया जाणारा दाब परत येत नाही. रंजक ४एफची, तीनेक ग्रेन, कानाबाहेरच्या वाटीत कानाच्या पातळीखाली. कान बुजेल इतकी टाकली तर ती वातीसारखी जळत जाते आणि चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत नेम हलतो. वाटी पुसायला डुकराच्या केसांचा आखूड ब्रश किंवा पंखाचं पीस. टोपीच्या बंदुकीला चार मिलिमीटर जाड कातड्याची पट्टी घेऊन तिला काठालगत भोकं पाडावीत, ११ नंबरच्या टोप्या त्यांत दाबून बसतात. भोक टोपीपेक्षा जरा लहान हवं. आपल्या डबीतली टोपी घेऊनच तपासावं. टोप्यांची पट्टी आणि दारू एका खिशात नको.

हे सगळं ज्या पिशवीत जातं ती सात-आठ इंचांची पुरते. मोठी केली की भरली जाते, आणि भरली की मापटं शोधावं लागतं. पट्टा इतका आखूड की पिशवी कोपराखाली बसेल, धावताना मांडीवर आपटणार नाही. मापटं पिशवीच्या आत नसतं, ते पट्ट्याला चामड्याच्या वादीने बाहेर लटकतं. वादीची लांबी अशी ठेवायची की मापटं नळीच्या तोंडापर्यंत पोहोचेल, पण सोडलं की बंदुकीच्या घोड्यापर्यंत लोंबणार नाही. आधी एक वीत जास्त ठेवून बांधावी, दहा-वीस वेळा रिकामं भरण्याची नक्कल करावी, मग कापावी. शिंगाचं बूचही अशाच वादीने शिंगालाच बांधलेलं हवं, कारण पानगळीच्या जंगलात खाली पडलेलं तपकिरी लाकडी बूच कुणालाही सापडत नाही.